दोन तापमानांची दोन चित्रे : अतिसंवाहक-लोहचुंबक जोडथरांतील चुंबकक्षेत्राचे चित्रण

निओबियमचा शंभरेक नॅनोमीटर जाडीचा थर आणि त्याला चिकटून कोबाल्टचा त्याहून पातळ थर अशी रचना ९ केल्विनच्या खाली थंड केली, की एकाच कपच्यात दोन विरुद्ध स्वभावाच्या अवस्था शेजारी नांदू लागतात. निओबियम अतिसंवाहक होतो. त्याचा विद्युतरोध शून्यावर येतो आणि तो चुंबकक्षेत्र आपल्या अंगाबाहेर काढू पाहतो. कोबाल्ट लोहचुंबक असतो आणि स्वतःचे क्षेत्र भोवती पसरवत राहतो. दोघांच्या सीमेवर नेमके काय घडते, हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील घनपदार्थ भौतिकीतला एक अतिशय फलदायी प्रश्न ठरला आहे. रोध मोजून त्याचे उत्तर अर्धेच मिळते, कारण रोध म्हणजे अख्ख्या नमुन्यासाठी एकच आकडा. अतिसंवाहकता कोणत्या भागात टिकली, कोठे मोडली, क्षेत्र कोठून आत शिरले, हे कळायला क्षेत्राचा नकाशाच हवा. असे नकाशे कसे काढतात आणि ते कसे वाचतात, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यातही वाचनाचा भाग अधिक अवघड आहे. विषयाच्या लोकप्रिय वर्णनांत सुंदर रंगीत चित्रे भरपूर असतात, पण वाचनाला तिथे बहुधा जागा मिळत नाही.

या दोन अवस्थांच्या वैराला दोन वेगवेगळी कारणे आहेत. हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात अतिसंवाहकता शोधली. १९३३ मध्ये बर्लिनला माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवून दिले, की अतिसंवाहक नुसता रोधहीन नसतो, तो आतले चुंबकक्षेत्र बाहेर ढकलतो. त्यासाठी पृष्ठभागालगत प्रवाह वाहतात आणि त्या प्रवाहांना ऊर्जा लागते. क्षेत्र वाढत गेले की हा खर्च परवडेनासा होतो आणि अतिसंवाहकता मोडते. लोहचुंबकाचे अंतर्गत क्षेत्र मुळातच मोठे असल्याने त्यात अतिसंवाहकता उगवणे कठीण, हा मुद्दा गिंझबुर्ग यांनी १९५६ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धान्त आला आणि दुसरे कारण स्पष्ट झाले. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात आणि नेहमीच्या अतिसंवाहकात जोडीतल्या दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात. लोहचुंबकातली विनिमय आंतरक्रिया मात्र सगळे स्पिन एकाच दिशेला वळवू पाहते, त्यामुळे जोडी फुटते. मथायस, सूल आणि कोरेनझ्विट यांनी १९५८ मध्ये लॅन्थनममध्ये गॅडोलिनियम मिसळून पाहिले, तेव्हा शेकडा एकच्या आसपासचे प्रमाणही अतिसंवाहकता संपवायला पुरेसे ठरले.

एकाच धातूत मिसळले तर असा निकाल लागतो. शेजारी शेजारी थर ठेवले तर गोष्ट पालटते, कारण दोन्ही परिणामांचा पल्ला सारखा नाही. चुंबकक्षेत्र दुरून काम करते, मध्ये विद्युतरोधकाचा पापुद्रा घातला तरी ते आरपार जाते. विनिमयाचा परिणाम होण्यासाठी इलेक्ट्रॉनांनी प्रत्यक्ष सीमा ओलांडावी लागते, आणि कोबाल्टसारख्या जोरकस चुंबकात शिरलेली जोडी एक-दोन नॅनोमीटरच्या आत फुटते. म्हणून मध्ये पातळ रोधक थर असलेला एक नमुना आणि नसलेला दुसरा, अशी जोडी बनवली की कोणता परिणाम कशामुळे, हे वेगळे करता येते. जोडथरांवरच्या बहुतेक चांगल्या प्रयोगांचा पाया ही फारकतच आहे.

नकाशात दिसते काय? एक, लोहचुंबकाचे बाहेर सांडलेले क्षेत्र. लोहचुंबक स्वतःला डोमेनमध्ये विभागून घेतो. एका डोमेनचे चुंबकन वर, शेजारच्याचे खाली, आणि दोघांमध्ये डोमेन भिंत. दोन, अतिसंवाहकाने हे क्षेत्र थोपवण्यासाठी उभे केलेले प्रवाह. आणि तीन, भोवरे. निओबियमच्या पातळ थरासारखे अतिसंवाहक क्षेत्राला पूर्णपणे अडवत नाहीत, त्याला बारीक बारीक नळ्यांतून वाट देतात. प्रत्येक नळीभोवती प्रवाह फिरत असतो. अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे सिद्धान्ताने मांडले. प्रत्येक भोवऱ्यातून जाणारा चुंबकी फ्लक्स ठरलेला असतो, २.०७ × १०⁻¹⁵ वेबर. प्लांकचा स्थिरांक इलेक्ट्रॉनच्या दुप्पट प्रभाराने भागला की हा आकडा, म्हणजे फ्लक्स-क्वांटम, येतो. १९६१ मध्ये अमेरिकेत डीव्हर आणि फेअरबँक यांनी, तर जर्मनीत डॉल आणि नेबाउअर यांनी तो मोजून पाहिला. भागाकारातला तो दोनचा आकडा इलेक्ट्रॉन खरोखरच जोडीने वावरतात याचा भक्कम पुरावा ठरला.

हा फ्लक्स किती लहान आहे आणि तरीही किती सहज गळ्यात पडतो, हे पृथ्वीच्या क्षेत्रावरून ध्यानात येते. मुंबई-अलिबाग परिसरात पृथ्वीचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाहून थोडे अधिक भरते. निओबियमचा पातळ थर या क्षेत्राला काटकोनात धरून, कोणतेही कवच न घालता थंड केला, तर त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे वीस हजार भोवरे अडकतात, म्हणजे दर सात-आठ मायक्रोमीटरला एक. म्हणून शीतपात्राभोवती म्यू-मेटलचे कवच घालतात, किंवा तारांची वेटोळी बसवून पृथ्वीचे क्षेत्र रद्द करतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला न्यावे लागले, तेही याच जातीच्या अडचणीमुळे. शेजारच्या प्रवाहाचे क्षेत्र मोजायच्या क्षेत्रात मिसळले की कोणते कोणाचे, हे सांगता येत नाही. जोडथरांत ही अडचण नमुन्याच्या बाहेर नसते, ती नमुन्यातच मुरलेली असते, आणि तिथे अलिबागला जाण्याची सोयही नसते.

कोणत्याही साधनाला पाळावा लागणारा एक नियम आधी सांगायला हवा. पृष्ठभागावर क्षेत्राची नक्षी ठरावीक अंतराने वरखाली होत असेल, तर पृष्ठभागापासून वर जाताना ती नक्षी घातांकी वेगाने पुसट होते. नक्षीच्या आवर्ती लांबीच्या दशांश उंचीवर तिचा जोर जवळपास निम्मा उरतो, आणि त्या लांबीइतक्याच उंचीवर सुमारे पाचशेवा हिस्सा. म्हणजे २०० नॅनोमीटरला पुनरावृत्त होणारे डोमेन पाहायचे असतील, तर संवेदक वीस-तीस नॅनोमीटरवर आणावाच लागतो. अर्ध्या मायक्रोमीटरवर ठेवलेला संवेदक कितीही नाजूक असला तरी त्याला तिथे मोजायला फारसे काही शिल्लकच राहत नाही. साधनांच्या जाहिरातींत संवेदनशीलतेचे आकडे ठळकपणे दिलेले असतात. प्रयोगाचे भवितव्य मात्र बहुतेक वेळा संवेदक किती जवळ नेता येतो यावर ठरते.

सर्वांत जवळ जाणारे तंत्र सर्वांत जुनेही आहे. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस पसरायचा, या शाळेतल्या प्रयोगाचेच ते सूक्ष्म रूप. फ्रान्सिस बिटर यांनी १९३१ मध्ये बारीक चुंबकी भुकटी वापरून लोहचुंबकातले डोमेन दाखवले. अतिसंवाहकातल्या भोवऱ्यांपर्यंत ही युक्ती नेली ती श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतील एस्मान आणि ट्रॉयब्ले यांनी, १९६७ मध्ये. त्यांचा नमुना म्हणजे थोडे इंडियम मिसळलेल्या शिशाची कांडी, तापमान १.१ केल्विन. थंड नमुन्यासमोर विरळ हेलियम वायूत कोबाल्टची वाफ केली, की ती वायूत गोठून अतिसूक्ष्म कणांचा धूर होतो. हे कण नमुन्याच्या दिशेने वाहत येतात आणि जिथे क्षेत्र झपाट्याने वाढते तिथे, म्हणजे प्रत्येक भोवऱ्याच्या तोंडाशी, गोळा होऊन चिकटून बसतात. मग नमुना निवांत गरम करायचा. भोवरे नाहीसे होतात, पण कणांचे पुंजके जागचे हलत नाहीत. कार्बनच्या पापुद्र्याने ते उचलून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा काळ्या ठिपक्यांची त्रिकोणी जाळी समोर आली. अब्रिकोसोव्हच्या कल्पनेतली जाळी प्रथमच डोळ्यांना दिसली. क्षेत्राचा ठसा थंडीत घ्यायचा आणि सावकाश उबेत वाचायचा, ही या पद्धतीची ताकद. एका नमुन्यावर एकदाच ठसा घेता येतो, ही तिची मर्यादा.

अतिसंवाहक आणि लोहचुंबक एकत्र असलेल्या रचनेचे सर्वांत निर्णायक चुंबकचित्र वेगळ्याच प्रश्नापोटी काढले गेले. अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये असे मांडले होते, की इलेक्ट्रॉन चुंबकक्षेत्राला न स्पर्शता त्याच्या बाजूने गेला तरी त्याच्या तरंगाची कला बदलते. याला आक्षेप असा, की प्रत्येक प्रयोगात थोडेफार क्षेत्र बाहेर गळत असते आणि इलेक्ट्रॉन त्यालाच अडखळत असावा. हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यावर तोडगा काढला. पर्मलॉय या लोहचुंबकी मिश्रधातूचे काही मायक्रोमीटरचे कडे केले आणि ते चहूबाजूंनी निओबियमने मढवले. कड्यातले क्षेत्र कड्यातच गोल फिरते, आणि निओबियम अतिसंवाहक झाला की उरलेसुरले क्षेत्रही बाहेर पडू शकत नाही. इलेक्ट्रॉनांच्या झोताचा एक भाग कड्याच्या भोकातून आणि दुसरा बाहेरून नेऊन होलोग्राफीने दोघांतला कलाभेद चित्रात उतरवला.

या प्रयोगाचे मर्म दोन चित्रांत आहे. निओबियम सामान्य अवस्थेत असताना, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते त्या क्रांतिक तापमानाच्या वर, कलाभेद कोणताही येऊ शकतो. तो कड्यात किती फ्लक्स आहे त्यावर अवलंबून असतो. नमुना ५ केल्विनवर नेला की मात्र कलाभेद दोनच किमती घेतो, शून्य किंवा पाय (π). अतिसंवाहकाने वेढलेल्या कड्यातला फ्लक्स फ्लक्स-क्वांटमच्या पूर्ण पटीतच असावा लागतो. ती पट सम असेल तर कलाभेद शून्य, विषम असेल तर पाय. कड्यातल्या चुंबकाचे चुंबकन बदलले नव्हते. निओबियमने आपल्या प्रवाहांनी उणीव किंवा जास्तीचा भाग भरून काढला होता. थंड अवस्थेतले चित्र एकटेच असते तर कलाभेद पाय आला एवढेच कळले असते. गरम अवस्थेतले चित्र शेजारी ठेवल्यावर चुंबकाचा वाटा किती आणि अतिसंवाहकाने त्यात काय घातले, हे वेगळे झाले, आणि निओबियम खरोखर चहूबाजूंनी बंद आहे याची खात्रीही पटली. जोडथरांच्या सगळ्या चित्रणाची किल्ली या एका प्रयोगात सापडते. त्याच गटाने पुढे १९९२ मध्ये निओबियमच्या पापुद्र्यातले भोवरे हलताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून थेट दाखवले.

इलेक्ट्रॉन आरपार जाण्याइतका पातळ नमुना प्रत्येक वेळी शक्य नसतो, म्हणून आज बहुतेक काम पृष्ठभागावरून संवेदक फिरवून होते. चुंबकी बल सूक्ष्मदर्शकात लवचीक पट्टीच्या टोकाला चुंबकी लेप दिलेली सुई असते. पट्टी आपल्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरत असते, आणि खालच्या क्षेत्रामुळे सुईवर येणारे बल उंचीनुसार जितके झपाट्याने बदलते, तितकी ती वारंवारता सरकते. ही पद्धत दहा-वीस नॅनोमीटरचे बारकावे टिपते. पण सुई स्वतः चुंबक आहे. ती भोवऱ्याला ओढून नेऊ शकते आणि मऊ चुंबकातल्या डोमेन भिंती हलवू शकते. स्टॅनफर्डच्या गटाने तर हे हत्यार म्हणूनच वापरले, आणि सुईने एकेक भोवरा ओढून नेताना तो किती घट्ट अडकलेला आहे हे मोजले. जोडथरात मात्र ही ओढाताण मोठा धोका आहे, कारण तिथे ज्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तपासायचा त्या दोन्हींना सुई हात लावते.

हॉल संवेदकात हा दोष नाही. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरातून प्रवाह सोडायचा आणि आडव्या दिशेने तयार होणारा विद्युतदाब मोजायचा. दाब क्षेत्राच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणून उत्तर थेट टेस्लामध्ये मिळते. विभेदन मात्र सुईइतके बारीक नसते. क्षेत्राची किंमत हवी असेल आणि नमुना विस्कटायचा नसेल, तेव्हा हाच संवेदक शहाणपणाचा.

नाजूकपणात सर्वांच्या पुढे स्क्विड. जोसेफसन संधी, म्हणजे दोन अतिसंवाहकांमधला दुबळा जोड, असलेले अतिसंवाहक वर्तुळ आपल्यातून जाणाऱ्या फ्लक्सचा फ्लक्स-क्वांटमच्या अगदी बारीक अंशापर्यंत हिशेब ठेवते. अडचण होती ती वर्तुळाच्या आकाराची. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील एली झेल्डोव्ह यांच्या गटाने क्वार्ट्झची नळी तापवून ओढली, तिच्या टोकदार निमुळत्या अग्रावर अतिसंवाहक धातूचा लेप दिला आणि टोकावरच स्क्विड उभे केले. २०१३ मध्ये त्यांनी पन्नास नॅनोमीटरहून लहान व्यासाचे शिशाचे असे स्क्विड जाहीर केले. एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे क्षेत्र टिपण्याइतकी त्याची संवेदनशीलता आहे.

हिऱ्यातला संवेदक या सगळ्यांत तरुण. हिऱ्याच्या स्फटिकात एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, अशा दोषस्थळी अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनला २.८७ गिगाहर्ट्झचे सूक्ष्मतरंग उत्तेजित करतात. चुंबकक्षेत्रात ही वारंवारता दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ या दराने सरकते, आणि हिरव्या लेझरखाली येणाऱ्या लाल प्रकाशाच्या मंदावण्यावरून ती वाचता येते. हा आकडा निसर्गानेच ठरवलेला असल्याने संवेदकाचे वेगळे प्रमाणीकरण जवळजवळ लागतच नाही. २०१६ मध्ये बाझेल आणि सांता बार्बरा येथील दोन गटांनी याच पद्धतीने अतिसंवाहकांतले एकेकटे भोवरे चित्रित केले. लेझरची ऊब नमुन्यापर्यंत पोहोचू न देणे, हा या तंत्रातला रोजचा झगडा.

साधन कोणतेही असो, जोडथरावरून मिळालेल्या एका नकाशात चुंबकाचे क्षेत्र आणि अतिसंवाहकाचे उत्तर एकमेकांत मिसळलेले असते. चुंबकाचा वाटा बहुधा कितीतरी मोठा असतो. ते वेगळे करण्याची रीत सांगायला सोपी आहे. क्रांतिक तापमानाच्या खाली एक नकाशा घ्यायचा, थोडे वर दुसरा, आणि वजाबाकी करायची. कोबाल्टचे चुंबकत्व हजार केल्विनच्या पलीकडेही टिकते, त्याला ५ आणि १० केल्विनमधला फरक जाणवतही नाही. म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो आणि निओबियमचे प्रवाह व भोवरे तेवढे मागे राहतात.

प्रत्यक्षात हे इतके सरळ होत नाही. नमुना पाच केल्विनने तापवला की धारक प्रसरण पावतो आणि चित्र काही नॅनोमीटर सरकते. सरकलेली चित्रे वजा केली तर प्रत्येक डोमेन भिंतीच्या जागी एक खोटी, एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने काळी रेघ उमटते. नवख्या डोळ्याला ती भिंतीलगत वाहणाऱ्या अतिसंवाहक प्रवाहासारखीच भासते, आणि नेमका तोच प्रवाह शोधायचा असतो. म्हणून पृष्ठभागावरचा एखादा ओरखडा किंवा धातूचे चिन्ह खूण म्हणून धरून दोन्ही चित्रे आधी जुळवतात, आणि पुन्हा थंड करून तिसरे चित्र घेतात. पहिले थंड चित्र आणि तिसरे जुळले नाही, तर मधल्या काळात चुंबकच हलला असे समजायचे. तो हलू शकतो, कारण अतिसंवाहकातल्या भोवऱ्यांचे क्षेत्र डोमेन भिंतींना जागच्या जागी खिळवून ठेवू शकते. खिळे निघाले की भिंत सरकते, आणि मग वजाबाकीत चुंबक पूर्णपणे नाहीसा होत नाही.

वजाबाकी नीट झाली तरी क्षेत्रावरून प्रवाह काढणे हे उलट्या दिशेचे गणित आहे. पातळ थरातला प्रवाह एका उंचीवरच्या क्षेत्रावरून काढता येतो, पण उंचीबरोबर जो बारीक तपशील घातांकी वेगाने पुसट झाला तो परत आणताना मोजमापातला गोंगाटही त्याच वेगाने फुगतो. चुंबकनाबाबत तर एकाच बाह्य क्षेत्राला अनेक उत्तरे चालतात. म्हणून जबाबदार शोधनिबंधात नकाशाशेजारी संवेदकाची उंची आणि गृहीत धरलेले प्रारूप दोन्ही दिलेले असतात. ती नसतील तर रंगीत चित्राला फारसे वजन देऊ नये.

जोडथरांवरून मिळालेल्या निष्कर्षांत बेल्जियममधील लूवेन विद्यापीठातल्या मोशचाल्कोव्ह यांच्या गटाचे काम अग्रभागी येते. २००३ मध्ये त्यांनी शिशाच्या थरावर कोबाल्ट-पॅलेडियमचे चुंबकी ठिपके बसवले. ठिपक्यांमधल्या जागेत त्यांचे परतीचे क्षेत्र अतिसंवाहकतेला मारक होते. बाहेरून विरुद्ध दिशेचे क्षेत्र लावल्यावर ते रद्द झाले आणि तिथे अतिसंवाहकता परतली. म्हणजे क्षेत्र लावल्याने अतिसंवाहकता निर्माण झाली, एरवीच्या अगदी उलट. २००४ मध्ये बेरियम फेराइटच्या स्फटिकावरील निओबियममध्ये दुसरा परिणाम आढळला. डोमेनच्या मध्यावर क्षेत्र जोरदार असते, पण भिंतीवर त्याचा उभा घटक दिशा बदलताना शून्यातून जातो. क्रांतिक तापमानाजवळ अतिसंवाहकता फक्त या भिंतींवरच्या अरुंद पट्ट्यांत उगवते. पुढे ट्यूबिंगनच्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात बारीक लेझर किरणाने नमुना ठिकठिकाणी किंचित तापवून आणि रोध कोठे बदलतो ते पाहून, बाह्य क्षेत्र लावल्यावर विरुद्ध दिशेच्या डोमेनवर अतिसंवाहकता सरकते हे थेट चित्रात दाखवले गेले. २०२१ मध्ये सिंगापूरच्या गटाने स्कर्मियॉन, म्हणजे चुंबकनाची गुंडाळलेली गाठ, निओबियममध्ये प्रतिभोवरा, म्हणजे उलट दिशेचा भोवरा, उभा करू शकते हे दाखवले.

काही संयुगांत थर बसवावे लागत नाहीत, निसर्गच एका स्फटिकात दोन्ही अवस्था आणतो. या कथेत मुंबईचा वाटा मोठा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या संयुगात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता असल्याचे जाहीर केले. निकेल असूनही अतिसंवाहकता, ही तेव्हा चकित करणारी गोष्ट होती. या बोरोकार्बाइड कुळात इट्रियमच्या जागी इर्बियम घातले की १०-११ केल्विनला अतिसंवाहकता, ६ केल्विनला प्रतिलोहचुंबकी रचना आणि सुमारे २.३ केल्विनखाली क्षीण लोहचुंबकत्व, असे तीन टप्पे एकाच स्फटिकात येतात. त्यावर घेतलेल्या बिटर ठशांत भोवरे समान जाळीत न राहता चुंबकी डोमेनच्या भिंतींवर ओळीने साचलेले दिसले.

पण इथे दोन तापमानांच्या वजाबाकीची रीत कामाला येत नाही. चुंबकत्व अतिसंवाहकतेच्या खालच्या तापमानाला अवतरते, त्यामुळे फक्त चुंबक असलेले चित्र त्या स्फटिकात कोणत्याही तापमानाला मिळत नाही. युरोपियम, लोह, आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या संयुगातही हीच अवस्था. ते सुमारे २४ केल्विनला अतिसंवाहक आणि १९ केल्विनच्या आसपास लोहचुंबक होते. त्यावर २०१८ मध्ये स्टोल्यारोव्ह आणि सहकाऱ्यांनी चुंबकी बल सूक्ष्मदर्शकाने, तापमान अंशाअंशाने उतरवत, चित्रांची मालिकाच घेतली. लोहचुंबकत्व उगवताच शे-दोनशे नॅनोमीटरचे अरुंद पट्टे दिसले. अतिसंवाहक एकेका डोमेनमधले क्षेत्र आपल्या प्रवाहांनी थोपवत होता, आणि ते प्रवाह स्वस्तात पडावेत म्हणून डोमेन अरुंद राहत होते. साधारण अर्ध्या केल्विनच्या आत हे चित्र मोडले. चुंबकन वाढल्यावर थोपवणे परवडेना, वरच्या दिशेच्या डोमेनमध्ये भोवरे आणि खालच्या दिशेच्या डोमेनमध्ये प्रतिभोवरे आपोआप शिरले, आणि पट्टे रुंदावले. बाहेरून कोणतेही क्षेत्र लावलेले नव्हते. जे वजाबाकीने मिळणार नव्हते ते पट्ट्यांच्या रुंदीतल्या बदलाने दिले. या अर्ध्या केल्विनच्या पट्टीत दोन अवस्थांचा परस्परांशी चाललेला सौदा जितका उघड दिसतो, तितका इतर प्रयोगांत क्वचितच दिसतो.

आतापर्यंतची सगळी साधने पृष्ठभागाच्या वरून पाहतात किंवा आरपार बेरीज करतात. थराच्या आत कोणत्या खोलीवर किती क्षेत्र आहे, हे विचारायचे तर म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जातीचे पण त्याहून जड आणि अल्पजीवी कण, लागतात. स्वित्झर्लंडमधील फिलिगेन येथील पाउल शेरर संस्थेत मंदगती धन म्यूऑनांचा झोत मिळतो. त्यांची ऊर्जा हजार ते तीस हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या टप्प्यात बदलता येते, त्यानुसार ते पाच-दहा नॅनोमीटरपासून शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत हव्या त्या खोलीवर थांबतात. सगळ्यांचे स्पिन एकाच दिशेला असतात. थांबलेल्या जागी जेवढे क्षेत्र, त्या प्रमाणात म्यूऑनचा स्पिन गिरकी घेतो. सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी म्यूऑनचा ऱ्हास होतो आणि त्यातून निघणारा पॉझिट्रॉन बहुधा स्पिनच्या दिशेने बाहेर पडतो. पॉझिट्रॉन कोणत्या वेळी कोणत्या बाजूला गेले हे मोजून गिरकीचा वेग, म्हणजेच त्या खोलीवरचे क्षेत्र कळते.

या पद्धतीने जोडथरांतला सर्वांत वादाचा प्रश्न तपासला गेला. बर्जेरेट, व्होल्कोव्ह आणि येफेतोव्ह यांनी २००१ मध्ये असे मांडले, की सीमेवरचे चुंबकन एका दिशेचे नसून वळत गेलेले असेल, तर काही जोड्यांचे दोन्ही स्पिन एकाच दिशेला होतात. अशा जोड्यांना विनिमय फोडू शकत नाही, आणि त्या लोहचुंबकात दूरवर जातात. डेल्फ्टच्या गटाने २००६ मध्ये क्रोमियम डायऑक्साइडमधून शेकडो नॅनोमीटर अंतरावर अतिसंवाहक प्रवाह नेऊन दाखवला. केंब्रिजच्या गटाने २०१० मध्ये सर्पिल चुंबकन असलेले होल्मियम सीमेवर ठेवून कोबाल्टमधून तो नेला. पण प्रवाह पार जातो, एवढ्यावरून जोड्यांच्या चुंबकी स्वभावाबद्दल फार सांगता येत नाही. सिद्धान्त म्हणतो, की या जोड्या क्षेत्राला बाहेर न ढकलता ते आत ओढून वाढवतील. दि बेर्नार्दो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सोने, होल्मियम आणि निओबियम अशा थरांत म्यूऑन सोडले. निओबियम अतिसंवाहक झाल्यावर सोन्याच्या थरातले क्षेत्र घटण्याऐवजी वाढलेले आढळले. इथेही निष्कर्ष उभा राहिला तो क्रांतिक तापमानाच्या वरच्या आणि खालच्या मोजमापांच्या तुलनेवर.

२०१८ मध्ये मिरोनोव्ह, मेल्निकोव्ह आणि बुझदिन यांनी यात एक नवी अट घातली. लोहचुंबकात शिरलेल्या जोड्यांमुळे सीमेजवळ वाहणारा प्रवाह अतिसंवाहकाच्या आतही क्षेत्र पसरवतो, आणि ते क्षेत्र जोडीच्या आकाराच्या लांबीपर्यंत मर्यादित न राहता लंडन खोलीपर्यंत, म्हणजे अतिसंवाहकात बाहेरचे क्षेत्र जितके आत शिरते तितक्या अंतरापर्यंत, पोहोचते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे थरात कोठे क्षेत्र बदलले म्हणून तिथे लगेच समान स्पिनच्या जोड्या आहेत असे म्हणता येत नाही. साध्या जोड्यांचा विद्युतचुंबकी परिणामही तसाच दिसू शकतो. दोघांत निवाडा करायचा तर बदल किती खोलवर ओसरतो हे मोजावे लागते. निओबियमच्या पातळ थरात जोडीची लांबी दहा-वीस नॅनोमीटरच्या घरात असते आणि लंडन खोली शंभराच्या आसपास. म्यूऑनांच्या थांबण्याच्या खोलीत स्वतःचीच पसरण असली, तरी हा फरक पकडता येण्याजोगा आहे. अट एवढीच, की थरांची जाडी त्या दृष्टीने निवडलेली हवी आणि चुंबकन सरळ असलेला व वळलेला असे दोन्ही नमुने शेजारी मोजलेले हवेत. म्यूऑन साऱ्या पृष्ठभागाची सरासरी सांगतात, डोमेन त्यांना दिसत नाहीत. म्हणून त्याच वेफरच्या तुकड्यावर हिऱ्याचा किंवा हॉलचा संवेदक फिरवून, सरासरी घेतलेल्या भागात डोमेन किती मोठे होते आणि भोवरे किती अडकले होते, हेही पाहून ठेवावे लागते.